एक जुलैचा ऊस

आष्ट्याजवळच्या एका साखर कारखान्यात शहाण्णव साली ऊसतोडीची पाळी कॉम्प्युटरने लावायचं ठरलं. सांगलीच्या प्रियंका कांबळेने सहा महिने खपून प्रोग्राम लिहिला. नियम सोपा होता. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. पहिल्याच दिवशी यंत्राने चारशे बारा जणांना एकदम तोड दिली. ऊस तोडणाऱ्या टोळ्या होत्या साठ. सगळे जण फाटकावर आले.

झालं होतं असं, की सगळ्यांनी लागणीची तारीख एक जुलै लिहिली होती. उसाची नोंद त्याच दिवशी सुरू व्हायची, त्याआधीची तारीख चालत नसे.

"वहीत कायम एक जुलैच असती," पंचवीस वर्षं पाळी लावणारे आकाराम कारकून म्हणाले. "आमी तारीख बघतच न्हाई. ऊस पिकून तुरा आला का, त्ये बघतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं, ताई? तुमी वही मागितली, आमी दिली."

संचालक धैर्यशीलराव म्हणाले, "पंधरा दिस आकाराम हातानं पाळी लावंल. तवर जमलं न्हाई, तर ही पेटी आन तुमी, दोगं सांगलीला."

दुसऱ्या कुणी आणखी सहा महिने मागितले असते. प्रियंका आकारामांच्या लुनावर मागे बसली. सकाळी शेतं बघायची, दुपारी एकच बदल करायचा, संध्याकाळी नमुन्याची यादी फाटकावर लावून शिव्या ऐकायच्या. शिव्या ती लिहून घ्यायची.

आधी तिने तुऱ्यावरून पाळी लावली. दुसऱ्या दिवशी लोकांनी शेजारचे तुरे आणून आपल्या उसाला सुतळीने बांधले.

"बगा ताई, कसं फसवत्यात!" आकाराम म्हणाले.

"फसवत नाहीत, माझी चूक दाखवतात," ती म्हणाली. तिने रसाची गोडी मोजायला लावली.

मग गोडी वाढावी म्हणून लोकांनी उसाचं पाणी तोडलं. आकाराम पोट धरून हसले.

"आवं, तोडीआदी पानी बंद करा म्हणून शेतकी खातं वीस वर्सं बोंबलतंय. कुनी ऐकलं न्हवतं!"

पंधराव्या दिवशी यादी लागली. साठ नावं. कुणी भांडलं नाही. धैर्यशीलराव यादी वाचत खालपर्यंत गेले. त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या उसाला अजून पाणी चालू होतं.

"आजच्या आज पेटी उचला!"

"का वो सायेब?" गर्दीतून नाथाजी नावाच्या शेतकऱ्याने विचारलं. "तुमचा नंबर लागला न्हाई म्हणून?"

फाटक हसलं. धैर्यशीलरावांनी यादी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. मग प्रियंकाजवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्या काय बदलनार हाय?"

"ठरलं नाही अजून. आधी तुमचं शेत बघायला येते."

"मग ऱ्हाऊ द्या पेटी."

त्याच दुपारी त्यांच्या मळ्यातली पाण्याची मोटर बंद झाली.