संवाद-सज्जा आणि सतरा पायऱ्या

दोन राष्ट्रं एकमेकांशी बोलत नाहीत याचं मूळ कारण सदोष बांधकाम असतं, हे आता जाणकारांनी मान्य केलं आहे. सीमा, पाणी, इतिहास वगैरे कारणं लोक उगाच सांगतात. भिंत चुकीच्या जागी आली की माणसं बोलायची थांबतात आणि योग्य जागी खिडकी ठेवली की बोलू लागतात, इतकं हे सोपं आहे. भोपाळमध्ये एकही दूतावास नसल्यामुळे या विषयाचा अभ्यास इथे अत्यंत निःपक्षपातीपणे होऊ शकतो. अरेरा कॉलोनीतले आर्किटेक्ट नीळकंठराव देशकर यांनी तो केला. मी त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन आहे, त्यामुळे या ऐतिहासिक कार्यातल्या सर्व रेघा माझ्या आहेत.

दिल्लीच्या एका संस्थेने स्पर्धा काढली होती. अबोला धरलेल्या दोन शेजारी देशांसाठी एकाच छपराखाली दूतावास हवा होता, आणि तो ‘संवादास पोषक’ असावा अशी अट होती. नीळकंठरावांनी ती अट फारच मनावर घेतली. त्यांनी बोळ साडेतीन फुटांचा ठेवला, म्हणजे समोरासमोर आलेल्या राजदूतांना एक तर बोलावं लागेल, नाही तर तिरकं व्हावं लागेल. (आमच्या ऑफिसात याची चाचणी घेतली. दोघंही तिरके झाले.) चहाची खोली एकच, पण साखरेचं कपाट एका देशाकडे आणि पत्तीचं दुसऱ्याकडे. आणि सगळ्यात वर, कशाचाही आधार नसलेली, हवेत बारा फूट पुढे आलेली ‘संवाद-सज्जा’. तिथे एकच बाक. दोन राजदूत, समोर सूर्यास्त, पळायला जागा नाही.

या कामाचा अनुभव त्यांना घरचाच होता. राहतं घरही त्यांनीच काढलेलं. खाली ते आणि वंदनावहिनी, वर त्यांचे थोरले बंधू यशवंतराव, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले स्ट्रक्चरल इंजिनिअर. येता-जाता भावांची गाठ पडावी म्हणून सतरा पायऱ्यांचा जिना मुद्दाम घराच्या मधोमध घेतला होता. दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.

कारण गंभीर होतं. नीळकंठरावांच्या मुलाची, आशयची, मुंज होती. पत्रिकेत निमंत्रकांमध्ये थोरल्याचं नाव आधी येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आंतरराष्ट्रीय परिषदांत देशांची नावं वर्णानुक्रमाने लावतात असं नीळकंठरावांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी तसंच केलं, आणि नीळकंठ वर, यशवंत खाली अशी पत्रिका टी. टी. नगरच्या छापखान्यातून दोनशे प्रतींत छापून आली. यशवंतरावांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, मुंजीला आले, बटूला भिक्षा घातली, पंगतीत तीन वेळा श्रीखंड घेतलं आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. (निषेध नोंदवताना जेवणावर बहिष्कार घालायचा नसतो, हे मुरलेल्या मुत्सद्द्यालाच कळतं.)

तेव्हापासून दोन्ही मजल्यांवर स्वयंपाक करणाऱ्या कमलबाई विशेष दूत म्हणून काम पाहतात. माझ्या हिशेबाने त्यांनी आजवर आठ हजारांहून अधिक निरोप पोचवले, आणि एकदाही युद्ध झालं नाही. हे यश कुठल्या देशाला मिळालं आहे?

स्पर्धेच्या नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागत होती. एक इंजिनिअर सतरा पायऱ्यांवर उपलब्ध होता. नीळकंठराव शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवधपुरीला जाऊन तिघा इंजिनिअरांना भेटले. तिघांनीही सज्जा पाहून चहा पाजला आणि सही नाकारली. त्याच आठवड्यात कमलबाईंनी वरून बातमी आणली: यशवंतराव घर सोडून कायमचे नागपूरला, मुलीकडे चालले आहेत. रविवारी सकाळी गाडी येणार.

नीळकंठरावांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, “मला सांगायला सांगितलंय, की तुम्ही आपणहून सांगताय?”

“सांगितलं नाही भाऊ,” कमलबाई म्हणाल्या. “पण ऊपर सामान बांधून झालं. आणि तुमचा तो नक्शा दोन दिवस त्यांच्याच टेबलावर आहे. मीच नेला.”

रविवारी गाडी फाटकाशी उभी राहिली. यशवंतराव सतरा पायऱ्या उतरून खालच्या मजल्याच्या दाराशी थांबले. नीळकंठराव दाराच्या आत, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभे होते. मध्ये साडेतीन फूट अंतर असेल. पाहुण्याने आधी बोलायचं की यजमानाने, थोरल्याने की धाकट्याने, याबाबत नियम स्पष्ट नसल्यामुळे दोघांनीही वाट पाहिली. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं. मग डबा कमलबाईंच्या हातून तिकडे गेला आणि नकाशाची गुंडाळी तिकडून इकडे आली. गाडी गेली.

गुंडाळी उघडली. सज्जेखाली लाल पेन्सिलीने दोन खांब काढले होते, सोबत चार पानी गणित होतं आणि खाली सही होती. सहीसाठी दोन रकाने होते, आर्किटेक्टचा वर आणि इंजिनिअरचा खाली. यशवंतरावांनी खालच्या रकान्यात सही केली होती. नीळकंठराव ती बघत जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि रडले. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

आराखड्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी खांबांचं विशेष कौतुक केलं. नागपूरचा नंबर नीळकंठरावांच्या फोनमध्ये आहे. मी लावा म्हटलं, तर ते म्हणाले, पोचल्याचा फोन जाणाऱ्याने करायचा असतो.

तुम्हाला हे हास्यास्पद वाटलं असेल. वाटणारच. पण हे वाचता वाचता मध्येच एक नाव तुमच्या मनात येऊन गेलं, त्या माणसाचा नंबरही तुमच्याकडे आहे. अर्थात तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत चूक खरोखरच समोरच्याची होती.