तीस किलोंच्या वरचे पेशंट

प्रोग्रामिंग शिकायला लागून मला तीन महिने झाले होते, म्हणजे आता शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं! निदान माझं तसं मत होतं. त्यामुळे काकांनी नोकरी सोडून स्वतःचा दातांचा दवाखाना काढला आणि पेशंटना आठवणीचे मेसेज पाठवणारा प्रोग्राम हवाय म्हणाले, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "दोन तासांत देतो."

काकूंचा चेहरा उतरला. काकांनी ओळखीपाळखीतल्या चाळीस जणांना मोफत तपासणीला बोलावलं होतं. ते आले तर दवाखाना चालणार, नाहीतर काका पुन्हा जुन्या साहेबांच्या दारात उभे!

दोन तास मी उगीच म्हटलं नव्हतं. आमच्या ऑफिसने नुकताच एका जनावरांच्या डॉक्टरांसाठी असाच प्रोग्राम केला होता. त्यात 'पेशंट' नावाचा एक क्लास होता. क्लास म्हणजे कोडचा साचा. नव्या साच्याला त्याचा वारस केलं, की जुन्याचं सगळं कसब त्याला बसल्याजागी मिळतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची मला लहानपणापासून आवड. माझ्या ऑफिसातल्या साहेबांची परवानगी काढली, 'दातांचा पेशंट' हा त्या पेशंटचा वारस केला, दवाखान्याचं नाव बदललं आणि हात झटकले.

ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरला आम्ही आजोबा म्हणतो. त्यांनी टोकलंच. "वारसा घेतोयस, तर आधी घर नीट उघडून बघ. बापाची जमीन येते, तशा बापाच्या खोडीही येतात."

मी म्हटलं, जनावरांनाही दातच असतात की!

चाचणीसाठी मी माझंच नाव भरलं. वजनाचा रकाना तेवढा कोरा सोडला, कारण वजन मी सख्ख्या आईलाही सांगत नाही. मेसेज आला, 'उद्या सकाळी दहा वाजता यावे.' झकास! काकूंनी एकेकाला विचारून वजनासकट भरलेली यादी जोडली, चाळीसच्या चाळीस मेसेज सोडले आणि चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत काकूंचा फोन. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांना आलेला मेसेज काकू मला वाचून दाखवत होत्या. 'उद्या सकाळी दहा वाजता यावे. वजन तीस किलोंपेक्षा जास्त असल्याने तोंडाला मुसकं बांधून आणावे.'

मी धावत जाऊन कोड उघडला. मोठ्या कुत्र्यांसाठीची अट मूळ क्लासात दबा धरून बसली होती! कुत्र्यांत तीस किलोंच्या वरचे मोजकेच. काकांच्या यादीत तीसच्या खालचं कुणीच नव्हतं.

मी घाईघाईने माफीचा मेसेज लिहून सगळ्यांना पाठवला. कुठून? त्याच क्लासातून! 'झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. वजन तीस किलोंपेक्षा जास्त असल्याने तोंडाला मुसकं बांधून आणावे.'

दुसऱ्या दिवशी चाळीसही जण आले. भांडायला! एक बसड्रायव्हर तर हेल्मेट घालून आले आणि म्हणाले, बांधून आलोय, आता बोला. मी पाण्याच्या पिंपामागे उभा राहून काकांच्या जुन्या साहेबांचा चेहरा आठवत होतो. मला खरंच रडू येत होतं.

मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांत पुढे. शाळेच्या मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी काकांना धारेवर धरलं. काका हात जोडून ऐकत होते. ऐकता ऐकता ते खाली वाकले, डोळे बारीक केले.

"बाई, तशाच राहा. मागची दाढ पार किडलीय."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. भांडणाऱ्याचं तोंड काय, सताड उघडंच असतं! काका एकेकाचं बोलणं शांतपणे ऐकून घेत गेले आणि आत डोकावत गेले. संध्याकाळपर्यंत सव्वीस जणांनी पुढच्या तारखा घेतल्या.

शेवटी काका बाहेर आले, तेव्हा त्यांच्या बोटाला बँडेज होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "काका, आत्ता बसून दुरुस्त करतो."

"कर," काका म्हणाले. "बाईंचं मुसकं तेवढं राहू दे."

नव्या चाचणीत मात्र काकूंनी एकही रकाना कोरा सोडू दिला नाही. मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचला. तीस किलोंची ती अट मला एकट्याला तीन वेळा लागू होते.