उघडत नाय, तर आपला नाय

विश्राम सुर्वे कुठलीही नवी वस्तू आधी पालथी करून बघत. रेडिओ असो, टेबलफॅन असो, नाहीतर कुणाच्या रुखवतात मांडलेलं घड्याळ. पोटाला स्क्रू दिसले की चेहरा खुलायचा. नाही दिसले की वस्तू होती तिथे ठेवायचे आणि म्हणायचे, "उघडत नाय, तर आपला नाय." माझ्या बहिणीला बघायला आलेला मुलगा तासभर तोंडातून शब्द काढीना, तेव्हा त्याच्या वडिलांसमोर त्यांनी हेच वाक्य टाकलं. स्थळ तिथंच मोडलं. बहीण आजही त्यांचे उपकार मानते.

मिरजोळ्याला बर्फाचा कारखाना होता. मी तिथे कारकून, विश्रामदादा इलेक्ट्रिशियन. ऐंशीनंतरची ती वर्षं. बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर येणारा प्रत्येक जण काखोटीला रेडिओ-टेपचं टू-इन-वन मारून यायचा आणि महिनाभरात ते बिघडायचं. दादा संध्याकाळी पडवीत दुरुस्त्या करत. दुरुस्त केलेल्या वस्तूच्या झाकणाला आतून कागद चिकटवत. कुठली वायर कुठे जाते, काय बदललं, सगळं पेन्सिलीनं काढलेलं आणि खाली लिहिलेलं: 'पुढच्या माणसासाठी'.

"असं सगळं लिहून ठेवलंत तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल," मी म्हणायचो.

"जाऊ दे की. मी काय वैदू हाय, मुळी लपवायला?"

पण चिकटवून बंद केलेल्या, स्क्रू नसलेल्या वस्तूला ते हात लावत नसत. गुहागरची एक बाई नवऱ्याचा तसला टेप घेऊन आली. नवरा बोटीवर, त्यानं आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटी घरात पडून. दादांनी टेप पालथा केला आणि परत दिला. मी भडकलो. "तुमच्या हाताला येतंय, मग उघडा की!"

"येता रे. पण मी उघडायला लागलो की सगळे बोलणार, घ्या बिनधास्त, विश्राम हाय. मग वस्तूला असा कुलूप घालणारा कंपनीवाला कशाला सुधारंल? घेऊच नका ना असली वस्तू!"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. दोन दिवस ते एकटेच डबा खात बसले, पण हटले नाहीत.

त्यांची बायको, पार्वतीवहिनी, तापाच्या दुखण्यानंतर बहिऱ्या झाल्या होत्या. त्यामुळे सुर्व्यांच्या घरात आज कालवण कसलं, हे आख्ख्या आळीला बारा वर्षं ऐकू येत होतं. मग बोटीवरच्या भाच्यानं मामीसाठी कानामागे लावायचं यंत्र आणलं. वालाच्या दाण्याएवढं. दादांनी ते लगेच पालथं केलं. स्क्रू नाही. यंत्र वहिनींच्या कानामागे बसवलं आणि दादांनी आपलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तोच वहिनी म्हणाल्या, "ओरडू नका. ऐकू येता."

ते वाक्य दादांनी जन्मात पहिल्यांदा गिळलं. त्या दिवसापासून आळी शांत झाली.

दीड वर्षानं यंत्र बंद पडलं. सेल बदलून झाले. मुंबईच्या दुकानदारानं कळवलं, हे उघडत नाही, टाकून द्या, आता मिळतही नाही. वहिनी पडवीत यायच्या बंद झाल्या. कुणी काही म्हटलं की नुसतं हसून मान हलवायच्या. दादा पुन्हा ओरडायला लागले तर म्हणायच्या, "कशाला घसा फोडता? नसला ऐकू येत तर नसला."

मी मुद्दाम डिवचलं, "काय दादा, उघडत नाय, तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वस्तू असती तर टाकली असती. ती आता वस्तू कुठे हाय? तिचा कान हाय."

दादांनी तीन आठवडे रजा टाकली. छत्रीची काडी घासून पातं केलं. एकच यंत्र, फुटलं तर संपलं, म्हणून हात बसवायला त्यांनी गुहागरला पत्र टाकलं: तुमचा टेप घेऊन या. त्या टेपचे सांधे उकलत, चार वेळा चुकत ते शिकले. टेप वाजता करून, आत कागद चिकटवून परत दिला. बाईची माफीही मागितली. मग यंत्राला हात घातला. आत केसाहून बारीक तार निखळली होती. ती जोडली आणि जुन्या मनगटी घड्याळातले दोन स्क्रू बसवून यंत्र बंद केलं.

"आता उघडता," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा वहिनींनी सेल ठेवायचा बटवा काढला. आत घडी केलेला कागद होता. वालाच्या दाण्यात तो चिकटवायला जागा कुठली?

"भावोजी, काय लिवलानी हाय ता वाचा जरा. मला काय वाचता येत नाय."

वर नेहमीसारखा नकाशा होता. खाली मात्र नेहमीची ओळ नव्हती. 'मी नसलो तर,' असं लिहिलं होतं. 'दोनच स्क्रू आहेत. सावकाश उघडा. आणि हिच्याशी ओरडून बोलू नका, तिला वाईट वाटतं.'

बाहेर पडवीत विश्रामदादा कुणाचा तरी पंखा पालथा करत होते. मी हळू आवाजात वाचलं. वहिनींना सगळं ऐकू आलं.