काश्यपगोत्री हिरो

यज्ञेश्वरशास्त्री टोकेकरांना फसवील असा सिनेमा अजून निघायचा होता. हे मत खुद्द यज्ञेश्वरशास्त्र्यांचं! आणि ते त्यांनी काशीच्या रामघाटाच्या पायऱ्यांवर, दुर्गाघाटाच्या पानवाल्याकडे आणि स्वयंपाकघरात पत्नी अन्नपूर्णाबाईंच्या पाठीला उद्देशून, असं एकाच सकाळी तीन ठिकाणी जाहीर केलं होतं.

झालं होतं असं, की शहरात एक लढाईचा सिनेमा लागला होता आणि तो किती खरा आहे हे जो तो सांगत सुटला होता. दोन तास नुसती माणसंच मरतात म्हणून वैतागलेला पानवाला म्हणाला, "पंडितजी, एक्को गाना नाहीं! दू घंटा खाली आदमी मरत हौ!" शाळेत शिकवणाऱ्या विद्युल्लताबाई मध्यंतरालाच रक्तदाबाची गोळी घेऊन घरी परतल्या होत्या, आणि न पाहिलेल्या अर्ध्या सिनेमावर जास्त जोरात मत देत होत्या. शास्त्र्यांचा पुतण्या वेणीमाधव रेल्वेत. त्याचं म्हणणं, बाकी सगळं खरं, पण जवान ज्या गाडीनं जातात तिला लावलेलं इंजिन त्या लाइनवर कधी चालतच नाही! आणि घाटावरच्या पुरोहितसभेचे अध्यक्ष शिवरामपंत, ज्यांनी लहानपणी पाठशाळेत शास्त्र्यांच्या शेजारी बसून एकाच गुरुजींचा मार खाल्ला होता, ते एवढंच म्हणाले, "छायाचित्रण बरं आहे."

"खरा म्हणे!" शास्त्री कडाडले. "अरे, मेलेला माणूस कसा पडतो हे मला विचारा! चाळीस वर्षं घाटावर काढलीत. सिनेमातला मेलेला छातीवर हात ठेवून, तोंड कॅमेऱ्याकडे करून मरतो. दहा मिनिटांत शंभर चुका काढून देतो!"

"मग चला ना काका," वेणीमाधव म्हणाला. "पिक्चर बघा आणि मग बोला."

"चल! भितो की काय!"

मैदागिनच्या चौकापर्यंत चालत आणि पुढे ई-रिक्षानं काका-पुतणे दुपारच्या खेळाला गेले. शास्त्री पंचा सावरून, चष्मा पुसून, परीक्षेला पर्यवेक्षक बसावा तसे बसले. पहिला जवान पडला, आणि शास्त्री चूक काढायला पुढे सरसावले.

चूक सापडेना! जवान पडला तो कसाही पडला, एक पाय अंगाखाली दुमडून. दुसरा काहीतरी बोलत होता तो वाक्य अर्धं टाकून गेला. तिसऱ्यानं ना आईचं नाव घेतलं ना देशाचं, नुसतं पाणी मागितलं. शास्त्र्यांनी चाळीस वर्षांत हे हजार घरांतून ऐकलं होतं. अगदी असंच असतं! शेवटी बर्फाच्या त्या चौकीवर सात देह राहिले, वरून हिम कोसळलं, उरलेल्यांना खाली उतरण्याचा हुकूम आला आणि पडदा काळा झाला.

दिवे लागले. लोक खुर्चीखाली चपला शोधू लागले. शास्त्री जागचे हलले नाहीत.

"आणि क्रिया?" त्यांनी विचारलं.

"कुणाची?"

"त्या सात जणांची! ना अग्नी, ना मंत्र, ना तिळाचं पाणी! तसेच टाकून निघाले सगळे?"

"काका, पिक्चर आहे तो. खतम झाला."

"सिनेमा संपला असेल. त्या सातांचं काय?"

वेणीमाधवनं इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघत होते. त्यानं काकांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं, आणि वाटेत विषय बदलावा म्हणून पुन्हा त्या इंजिनाबद्दल सांगायला सुरुवात केली. "चूप!" शास्त्री ओरडले. "सात माणसं मातीविना गेली आणि तुला इंजिन आठवतंय!"

घरी आल्यावर शास्त्र्यांनी ठरवून टाकलं. उद्या सकाळी सात पिंड, सात तर्पणं! गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न नावांचा होता. सिनेमातले जवान वायरलेसवर एकमेकांना टायगर, चीता, ब्राव्हो-तीन अशा नावांनी हाका मारत होते. आता 'काश्यपगोत्राय टायगरवर्मणे' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? पितर हसतील!

"वेणी," त्यांनी जेवत्या पुतण्याला विचारलं, "त्या सातांची खरी नावं काय रे?"

वेणीमाधवचा ऊर भरून आला. जन्मात कधी सिनेमाचं नाव न काढणारा काका आज चक्क नटांची चौकशी करतोय! त्यानं डाव्या हातानं मोबाइल उघडला, जाहिरात काढली आणि मोठ्या प्रेमानं सातही नावं वाचून दाखवली. पहिलंच नाव होतं शौर्यवीर मेहरा. शास्त्र्यांनी एकदा ऐकलं आणि पाठ झालं. वेद पाठ केलेल्या माणसाला सात नावं म्हणजे काय!

"जवानाला शोभेल असं नाव," ते म्हणाले. "आईबापांनी विचार करून ठेवलेलं दिसतंय."

"वडलांनीच तर लाँच केलं त्याला," वेणीमाधव म्हणाला. शास्त्र्यांना हे सैन्यातलं काहीतरी असावं असं वाटलं.

सकाळी शास्त्र्यांनी आपल्या चौकीवर, म्हणजे वेताच्या छत्रीखालच्या त्या लाकडी पाटावर, सातूचे सात पिंड मांडले. या पाटावर त्यांचे वडील बसले, आजोबा बसले. घरात शिजणारा भात या पाटावरूनच येत होता. आणि आवाज? त्यांचा आवाज पलीकडच्या काठाला जातो असं लोक म्हणतात. "काश्यपगोत्राय शौर्यवीर-मेहरा-वर्मणे!" शास्त्र्यांनी सूर लावला.

शेजारच्या छत्रीत नागपूरचं एक कुटुंब आजोबांचं कार्य करत होतं. त्यातली नात आजोबांच्या पिंडांचा व्हिडिओ काढत होती. "अय्या! शौर्यवीर गेला?" ती किंचाळली आणि मोबाइल शास्त्र्यांकडे वळवला. छत्रीवर पांढऱ्या रंगात 'टोकेकर गुरुजी, रामघाट' आणि खाली फोन नंबर. तोही व्हिडिओत आला, आणि व्हिडिओ देशभर फिरला!

अकरा वाजेपर्यंत घाटाकडच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कॉलेजच्या मुली शौर्यवीरच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावून रडत होत्या. फुलवाल्यानं एक हार त्या फोटोला फुकट घातला आणि बाकीचे दुप्पट भावानं विकायला काढले. पानवाला आपण कालच सांगितल्याचं जमलेल्यांना समजावत होता, "हम त कल्हिए कहले रहली, खाली आदमी मरत हौ!" दोन पोलीस गर्दीतून वाट काढत आले. त्यांतल्या मोठ्यानं हात जोडून विचारलं, "पंडितजी, बॉडी कहाँ है?"

"बर्फाखाली!" शास्त्री म्हणाले. "आणि तुम्ही लोकांनी आणली नाही, म्हणून तर मला बसावं लागलं!"

पोलिसानं डायरी उघडली, मग मिटली.

त्याच वेळी अन्नपूर्णाबाई फोन हातात घेऊन घाटावर धावत आल्या. "अहो, मुंबईहून कुणी बाई आहेत. रडतायत आणि शिव्याही देतायत. दोन्ही एकदम!"

शास्त्र्यांनी फोन कानाला लावला. "आपने मेरे बेटे का पिंडदान किया? वो मेरे सामने बैठा पराठा खा रहा है!"

शास्त्र्यांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, मग वेणीमाधवकडे पाहिलं. वेणीमाधव ऑफिसची बॅग छातीशी धरून तिथंच उभा होता. एका क्षणात दोघांनाही सगळं समजलं. वेणीमाधवचा चेहरा पिंडांच्या रंगाचा झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

दुसरा कुणी असता तर त्यानं गंगेत उडी घेतली असती. शास्त्र्यांनी खाकरून घसा साफ केला. "बहेनजी, लडका जिंदा है, आनंद की बात है. शास्त्र में इसका उपाय है."

"क्या उपाय?"

"जिवंत माणसाची क्रिया झाली तर त्याचा पुन्हा जन्म धरायचा. पहले घी से नहलाना. फिर जातकर्म, नामकरण, मुंज, सब नए सिरे से. और अंत में विवाह, उसी पत्नी से."

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग त्या बाई पडेल आवाजात म्हणाल्या, "पंडितजी, बहू पूछ रही है, आखिरवाला जरूरी है क्या?"

"जरूरी!"

फोन बंद झाला. पण प्रकरण बंद झालं नाही. चार वाजता शिंदे घाटाजवळच्या मठात पुरोहितसभा भरली. जिवंत माणसाचे पिंड पाडणारा पुरोहित म्हणजे सगळ्या घाटाच्या तोंडाला काळं! उद्या यजमान काशीला यायचे सोडून कुठेही जातील. ठराव तयार होता. शास्त्र्यांनी, 'मी केलेलं पिंडदान अशास्त्र, निरर्थक आणि वेडेपणाचं होतं' असा माफीनामा लिहून द्यावा, नाहीतर चौकी सोडावी.

शास्त्री निघताना अन्नपूर्णाबाई दारात म्हणाल्या होत्या, "लिहून द्या हो. कागदच तर आहे! चौकी गेली तर खायचं काय?" शास्त्र्यांनी नुसत्या चपला पायात सरकवल्या होत्या. खरं म्हणजे त्यांनाही तीच धास्ती होती. बासष्टाव्या वर्षी दुसरा धंदा कुठला येणार!

सभेत चौदा पुरोहित बसले होते. वेणीमाधव दाराशी उभा होता. शिवरामपंतांनी कागद पुढे केला. "यज्ञेश्वर, सही कर."

शास्त्री उभे राहिले. "नावं चुकली, त्याची माफी लिहून देतो. एकदा नाही, सातदा देतो. तूप माझ्या घरचं देतो! पण पिंड चुकले असं लिहून देणार नाही."

"अरे, सिनेमातल्या माणसांना पिंड?" कोपऱ्यातून एकजण हसला. "उद्या रामलीलेतल्या रावणाचं वर्षश्राद्ध घालशील!"

"हसा! तुम्ही सगळे तो सिनेमा बघून आलात. तुम्ही मतं काय दिलीत? गाणं नाही! इंजिन चुकलं! छायाचित्रण बरं आहे! अरे, असे मेलेत की नाही लोक? डोंगरावर, बर्फात, देह न मिळता? मेलेत ना? त्या पोरांनी त्यांचीच तर नक्कल केली. मग पाणी नक्कल करणाऱ्याला पोचत नसेल, ज्यांची केली त्यांना तर पोचेल! आपण रोज दक्षिणा घेऊन कुणाकुणाच्या पणजोबांना पाणी देतो. एक दिवस बिनदक्षिणेचं दिलं तर चौकी जाते? जाऊ दे! मी पायरीवर बसेन. पायरी गेली तर नावेत बसेन. सही नाही म्हणजे नाही!"

एवढं बोलून शास्त्री खाली बसले. कोपऱ्यातला तो हसणारा चटईच्या काड्या मोजू लागला.

शिवरामपंतांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाले, "यज्ञा, तू गाढव आहेस."

"असेन!"

"पाणी द्यायला नाव कशाला लागतं रे? तर्पणाच्या शेवटी आपण रोज काय म्हणतो? ज्यांना कुणी नाही, ज्यांचं नावगोत्र ठाऊक नाही, त्यांनाही हे पाणी पोचो. गुरुजींनी छडी मारून पाठ करून घेतलं होतं आपल्याकडून! तेवढं मनात आणून एक ओंजळ सोडायची. ना नाव, ना गोत्र, ना पोलीस! मी सिनेमा बघितला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडली."

"तू?" शास्त्री उडालेच. "छायाचित्रण बरं आहे म्हणणारा तू?"

"मग काय पानवाल्यापाशी उभा राहून रडू?"

"मीही सोडली," खिडकीशी बसलेले एक म्हातारे पुरोहित पुटपुटले. मग आणखी एकजण. मग तो कोपऱ्यातला हसणारा घसा खाकरून म्हणाला, "आमच्या घरून तीळ जरा जास्तच गेले त्या दिवशी." चौदांतल्या नऊ जणांनी पाणी सोडलं होतं, आणि नऊच्या नऊ जणांनी बाहेर गाण्यांबद्दल नाहीतर छायाचित्रणाबद्दलच मतं दिली होती!

शिवरामपंतांनी ठराव फाडला. "नावांची माफी लिहून मुंबईला पाठव. चौकी तुझीच. पण एक सांग. तू पिंड किती घातलेस?"

"सात," शास्त्री छाती काढून म्हणाले. "एकही विसरलो नाही!"

"आणि तो खेचरवाला?"

"कुठला खेचरवाला?"

"पहिल्या जवानानंतर लगेच. त्यांचं सामान घेऊन वर चढत होता तो. दोर तुटला आणि खेचरासकट दरीत गेला. कुणी वळूनही बघितलं नाही त्याच्याकडे. मी आठ मोजले."

सभा शास्त्र्यांकडे बघू लागली. शास्त्र्यांनी वेणीमाधवकडे पाहिलं. वेणीमाधवनं मान हलवली. होता, खेचरवाला होता.

"तू पडद्याकडे बघत होतास ना रे, यज्ञा?" शिवरामपंतांनी विचारलं.

"बघत होतो! पण त्या वेळी..." शास्त्री अडखळले, आणि मग ताठ होऊन भांडायच्याच आवाजात म्हणाले, "त्या वेळी माझ्या चष्म्यावर धुकं धरलं होतं!"

"थेटरात धुकं?"

"मग! समोर एवढा बर्फ पडत नव्हता का?"