एक खेळ भाड्याने देणे आहे

"वहिनी, डिस्क तुझी असली तरी आतला खेळ कंपनीचा. भाड्याने द्यायच्या आधी परवानगी माग," असं नणंदेने बजावलं होतं. नणंद वकील. पण पिकतं तिथे विकत नाही. तिच्या कायद्याला घरात कोणी विचारत नसे.

"वन्सं, वाचनालयवाले काय प्रत्येक लेखकाच्या पाया पडायला जातात?" असं म्हणून वहिनी कामाला लागली.

बाळ झाल्यावर तिची नोकरी सुटली होती. कपाटातले एकतीस व्हिडिओ गेम, हेच आता भांडवल. दुपटी वाळत घातलेल्या खोलीत तिने फळी ठोकली आणि गिऱ्हाइकांवर वचक राहावा म्हणून रीतसर करारनामा केला. केला म्हणजे काय, राहत्या घराचा भाडेकरार उतरवून काढला आणि 'घर' दिसलं तिथे 'खेळ' लिहिलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कारकूनकाका. उभा जन्म कोर्टात गेलेला. त्यांनी चष्मा पुसून करार दोनदा वाचला, गालातल्या गालात हसले, सही ठोकली आणि शेतीचा एक खेळ दोन दिवसांच्या बोलीवर घेऊन गेले.

तीन आठवडे झाले तरी डिस्क येईना. शेवटी तिने फोन केला.

"करारात मुदत एक वर्ष आहे," काका म्हणाले. "मी भाडेकरू. असं उठून बाहेर काढता येत नाही, बाई."

"अहो काका, ते घराचं हो!"

"कागदावर 'खेळ' लिहिलंय. शिवाय छप्पर गळतंय. कलम सहा, दुरुस्ती मालकाकडे."

"कसलं छप्पर?"

"खेळातल्या झोपडीचं. कोंबड्या भिजताहेत."

नणंदेला सांगितलं तर ती पोट धरधरून हसली. "जा ना कोर्टात! पहिला प्रश्न येईल, परवानगी कुठाय? डिस्क राहील बाजूला, तुझंच दुकान बंद."

आपण तुरुंगात आणि बाळ वन्संच्या मांडीवर, इथपर्यंत वहिनीचं मन धावलं. बाळाला कडेवर घेऊन ती जिना चढली. बेल दाबायच्या आत दार उघडलं. टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"काका, माझ्याकडे परवानगी नाही. डिस्क द्या, मी सगळं गुंडाळते."

"आधी छप्पर."

मग मालकीणबाईंनी पडद्यावर झाडं तोडली, फळ्या ठोकल्या. तोवर बाळाने काकांचं चष्म्याचं घर चघळून मऊ केलं. कोंबड्या कोरड्या झाल्या तशी काकांनी डिस्क काढून तिच्या हातात दिली.

"मग एवढं भांडलात कशाला?"

"मला कुठे खेळता येतं? मुलगी परदेशी जाताना यंत्र ठेवून गेली, एवढंच. मी सही केली ती कलम नऊ वाचून."

वहिनीने स्वतःचा करार पहिल्यांदाच नीट वाचला. 'मालकाने महिन्यातून एकदा समक्ष येऊन पाहणी करावी.'

"म्हटलं, कोणी यायचं तर कागद पक्का असलेला बरा," काका म्हणाले आणि उगाच कप पुसत बसले.

कंपनीला परवानगीचा अर्ज काकांनीच लिहून दिला, बारा परिच्छेद. उत्तर येईपर्यंत खेळ फळीवर. पाहणी मात्र चालू आहे, आता दर बुधवारी.

आज बुधवार आहे आणि बाळाला ताप. वहिनीचा पाय घरातून निघत नाही. तुमच्या वाटेवर असेल तर तिसऱ्या मजल्यावर जरा डोकावून याल का? चहा होईपर्यंत बसावं लागेल, तेवढं धरून चला.