स्क्रीनवरचं गाजर

मिनेसोटातल्या एका छोट्या गावात, आपल्या गॅरेजमध्ये बसलेल्या आर्लन टॉफ्टेला सकाळपासून एक गाजर छळत होतं. गाजर म्हणजे खरं तर संगणकावर चालणाऱ्या सीएनसी कोरीवकाम मशीनचा कटर. मशीन लाकूड कसं कोरणार हे आधी स्क्रीनवर दिसायचं, आणि त्यात कटर दिसायचा असा जाडजूड, नारिंगी, की तो कोरत असलेलं अक्षरच त्याच्याआड गडप व्हायचं.

अक्षरं तर दिसायलाच हवी होती. रविवारी गावच्या चर्चला सव्वाशे वर्षं पुरी होत होती आणि सगळ्यात जुन्या बाकाची अक्रोडाची फळी कमिटीनं चर्चचं नाव कोरायला आर्लनच्या हवाली केली होती. बाक एकच, फळी एकच. चुकलं की संपलं.

त्यानं कटर लाल केला. त्याची बायको मार्लिस म्हणाली, खाटकाचं दुकान वाटतंय. पारदर्शक केला, तर कटर आहे कुठे तेच कळेना.

"मग बारीक कर ना त्याला," मार्लिस म्हणाली. "मला सांगत असतोस की रोज."

जाडीचा एक चौकोन सापडला. त्यात अर्धा इंच होता, आर्लननं केसाएवढा आकडा घातला. गाजराची सुई झाली, अक्षरं लख्ख दिसू लागली! चाळीस मिनिटांच्या कामाला मात्र मशीन आता नऊ तास दाखवत होतं. नाजूक काम म्हटल्यावर वेळ लागायचाच, असं दोघांचं एकमत झालं.

शनिवारी सातला मशीन सुरू झालं. भुसा उडू नये म्हणून फळीवर झाकण होतं, म्हणून दोघं खुर्च्या टाकून दिवसभर स्क्रीनकडेच कौतुकानं बघत बसले. चारला झाकण उघडलं.

तो आकडा कटरच्या दिसण्याचा नव्हता, असण्याचा होता. मशीन बिचारं हातात सुई आहे समजून अक्षरांच्या अगदी काठाकाठानं फिरलं, आणि हातात होता तोच अर्ध्या इंचाचा जाड्या. अक्षरं फुगून एकमेकांत घुसली होती. चर्चच्या नावाच्या जागी कोंबड्यांना दाणे घालायची पन्हळ तयार होती.

आर्लन उपड्या बादलीवर मटकन बसला. "मला गाव सोडावं लागणार."

"हरणांच्या शिकारीचा हंगाम झाला की सोड," मार्लिस म्हणाली. "फ्रीजर रिकामा आहे."

रविवारी फळीवरचं कापड ओढलं गेलं. आर्लन मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होता. शेवटी कमिटीची व्हर्ना स्वेनबी पुढे झाली.

"हे... वेगळंच आहे हं," ती म्हणाली.

त्या गावात याहून वाईट कुणी कुणाला बोलत नाही. पाद्रीबाईंनी लाकडाच्या रंगाची तारीफ केली. एकानं मशीनला वीज किती लागते ते विचारलं. कुणीतरी एकदा खणखणीत ओरडावं म्हणून आर्लन तडफडत होता. पण तळघरातल्या जेवणात त्याच्या ताटात, घरात मयत झाल्यावर वाढतात तसा, सगळ्यांनी आग्रहानं दुप्पट रस्सा वाढला. गोड बोलण्यासारखं मात्र आता काही उरलं नव्हतं. तेव्हा त्याला वाईट वाटू नये म्हणून कमिटी कोपऱ्यात कुजबुजली आणि व्हर्ना परत आली.

"दफनभूमीच्या फाटकाची पाटीही तूच कर, आर्लन. ओकची फळी तुझ्या गाडीत ठेवलीय. फक्त त्यावर नावं साठेक आहेत."

नाही म्हणायला आर्लननं तोंड उघडलं. पण तोही शेवटी त्याच गावचा.

"आनंदानं," तो म्हणाला. "कधीपर्यंत हवी?"