ऑलिव्हच्या जागी कोण गातंय?

"हीसुद्धा वाकलीय," ऑलिव्ह म्हणाली. "दुसरी काढ."

दुसरीही वाकलेली होती. आखातातल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत दोन उन्हाळे काढलेल्या खोक्यात एकही कॅसेट धड राहिली नव्हती. ऑलिव्ह आणि युस्टेस या वसईच्या नवरा-बायकोने त्र्याण्णव साली मोठ्या हौसेने एक इंग्रजी कंट्री द्वंद्वगीत काढलं होतं. बऱ्याच वर्षांनी परतलेला नवरा दार ठोठावतो आणि आतून बायको गाऊन उत्तर देते. ठोठावण्याचा आवाज युस्टेसने गिटारच्या लाकडावर काढला होता. गाणं साफ पडलं. नातेवाइकांनी फुकट घेतलं, तेही तोंड वाकडं करून.

आज दुपारी युस्टेसच्या हॉटेलचा मॅनेजर हॅन्सेल ते ऐकणार होता. आवडलं तर दर शुक्रवारी दोघांना स्टेज, नाहीतर युस्टेसला जन्मभर रिझर्व्हेशनचं काउंटर.

ऑलिव्ह खालच्या मजल्यावर धावली. रत्नागिरीच्या रहिमतुल्लाला त्यांनी दहा कॅसेट दिल्या होत्या. तो गाणं कसलं ऐकतोय! पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून कॅसेटच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावून तो त्यांत आईसाठी बोलकं पत्र भरायचा आणि गावी जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. तो दुकानात होता. त्याच्या बायकोने, बानूने, कपाटावरून एक काढून दिली.

"वर तुमचाच फोटू हाय. तुमचीच असंल."

हॅन्सेलच्या केबिनबाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. भर दुपारी खिडकी पिवळी होऊन काळवंडली. हॅन्सेलने बटण दाबलं. गिटार वाजली, युस्टेस गायला, दारावर तीन थापा पडल्या. ऑलिव्हने स्वतःच्या आवाजासाठी मान वर केली.

टेपमध्ये खट्ट झालं. मग एक म्हातारी, अगदी कानाशी, म्हणाली, "दार उघडाच हाय. आत ये."

दिवा फडफडला. हॅन्सेलचा हात कपावरच राहिला.

पुन्हा युस्टेसचा आवाज, पुन्हा थापा, मग ऑलिव्हची जेमतेम अर्धी ओळ. खट्ट.

"ही कोन बाय रडतेय तुझ्याबरोबर? तिला आधी गप कर."

"मी रडत नव्हते, गात होते!" ऑलिव्ह टेपवर ओरडली आणि लगेच युस्टेसच्या मागे लपली. युस्टेस आधीच तिच्या मागे लपायला निघाला होता.

हॅन्सेलने टेप बंद केला. त्याच्या हातावरचे केस उभे होते. "काय काटा आला, मॅन! फ्रायडे पक्का. फक्त ह्या बाईला आण. ऑलिव्ह, तू नको. डोन्ट माइंड."

ऑलिव्हने चांगलंच माइंड केलं. संध्याकाळी दोघं कॅसेट घेऊन रहिमतुल्लाकडे गेले. पहिल्या थापांनंतरचं वाक्य ऐकताच त्याने टेप थांबवला.

"माझी आये," तो म्हणाला. "एप्रिलात गेली. कॅसेट आली, ती दफनानंतर आठ दिवसांनी. ऐकायची हिंमतच झाली नाय."

हळूहळू उलगडा झाला. गेल्या खेपेला त्याने घाईत पत्र न भरताच, नुसती चिकटपट्टी लावलेली गाण्याची कॅसेट पाठवली होती. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. मुलगाच बोलतोय असं समजून ती थाप पडली की टेप थांबवायची, रेकॉर्डचं बटण दाबायची आणि उत्तर द्यायची. ऑलिव्ह त्याखाली पुसली गेली होती.

"म्हंजे शेवटचं ती तुझ्याशी बोलली," रहिमतुल्ला युस्टेसकडे बघत म्हणाला. "माझ्याशी नाय."

युस्टेसला भयंकर अपराधी वाटलं. त्याने तिथूनच हॅन्सेलला फोन लावला. "सर, त्या बाई शो करत नाहीत. फ्रायडे खलास." ऑलिव्हने पहिल्यांदाच त्याला अडवलं नाही.

रहिमतुल्लाने टेप पुढे चालू केला. युस्टेसचं शेवटचं कडवं संपलं. बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. खिडकीला धूळ घासत होती. मग म्हातारीने दम घेतल्याचं ऐकू आलं.

"जेवलास काय रे?"

"होय, आये," रहिमतुल्ला आणि युस्टेस एकदम म्हणाले.